मायक्रॉनताईचे एकतीस ठिपके

आमच्या संस्थेत तिला सगळे मायक्रॉनताई म्हणतात. हे नाव मी ठेवलं असा तिला संशय आहे आणि तो दूर करायची मला कधी घाई वाटलेली नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेणात घट्ट बसवलेला उंदराच्या यकृताचा वाटाण्याएवढा तुकडा घ्यायचा, यंत्राच्या पात्यावर धरायचा आणि त्याचे पाच-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, हे तिचं काम. आपला केस त्या कापाच्या दहा-पंधरा पट जाड असतो. असे काप ती तीस वर्षं काढते आहे, आणि इतकी वर्षं एकच काम केलं की ते माणसाच्या अंगात मुरतं, ते घरीही येतं आणि जेवायलाही बसतं.

तिने चिरलेल्या काकडीतून वर्तमानपत्र वाचता येतं. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. तिच्या नवऱ्याने एकदा माझ्यासमोर वाचून दाखवलं होतं. हवामानाचा अंदाज होता आणि तो चुकीचा निघाला, पण तो काकडीचा दोष नव्हे. नवरा निवृत्त बस ड्रायव्हर, त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणतात. बोलणं मोजकं. सकाळचा ब्रेड ते दुकानातूनच कापून आणतात, कारण घरी कापला की लोणी लावताना पाव कुठे आणि हवा कुठे ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी संस्थेत तिच्याच मजल्यावर नोंदी ठेवते. प्राणीघरातून काय आलं, त्याला कुठला नंबर दिला, कोणाच्या हातात गेलं, कधी परत आलं, हे सगळं माझ्या दोन रजिस्टरांत असतं. माझ्याकडे एक लोखंडी कपाट आहे आणि खडूस म्हणून थोडीफार कीर्ती आहे. ताईची आणि माझी ओळख बावीस वर्षांची. त्यातली पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो, कारण तिच्या काचपट्ट्यांच्या पेटीवर मी लेबल उलटं चिकटवलं होतं.

तिच्या हाताबद्दल मात्र मी काही वावगं बोलणार नाही. पात्यावरून मेणाची फीत निघते ती कशी अखंड निघते, आणि ती दोन ब्रशांनी उचलून कोमट पाण्याच्या ट्रेवर सोडताना ताई श्वास रोखून धरते, तेव्हा खोलीत शिरलेला माणूस आपोआप दारातच थांबतो. नवीन संशोधक मुलं मेणात बसवलेल्या तुकड्यांचे आपापले ठोकळे घेऊन तिच्याकडे येतात. ती ठोकळा उजेडात धरते, नख लावते आणि निदान सांगते. "मेण जास्त तापलं होतं." "हा तुकडा नीट मुरलाच नाही, घाई केलीस." मुलं मान खाली घालून जातात, कारण ती बहुधा बरोबर असते. आणि बहुधा बरोबर असण्याचा हाच तोटा, की काही वर्षांनी त्यातला 'बहुधा' गळून पडतो.

गेल्या वर्षी सरांनी नवीन प्रयोग हाती घेतला. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. सज्जन माणूस, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत फिरणारा. त्यांचा प्रश्न असा होता, की गरोदरपणात आईला अँटिबायोटिक दिलं तर पिल्लाच्या यकृताची घडण बदलते का. औषध मारायला जातं ते रोगाच्या जिवाणूंना, पण आईच्या आतड्यातले कामाचे जिवाणूही त्यात मरतात, आणि पिल्लाला जन्मताना पहिली शिदोरी मिळते ती त्यांचीच. ती तुटपुंजी मिळाली, तर आतड्याचा सख्खा शेजारी असलेलं यकृत वेगळ्या चालीने वाढतं का, लवकर चरबी धरतं का, असे पुढचे प्रश्न. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या यकृतात रक्त तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके मुक्कामाला असतात. ते हळूहळू उठून जातात आणि मग यकृत आपल्या खऱ्या कामाला लागतं. ते वेळेवर उठतात की रेंगाळतात, हेही मोजायचं होतं.

तर अर्ध्या उंदरिणींना पाण्यातून औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. एकूण दीडशे पिल्लांची यकृतं आमच्याकडे आली. कुठलं यकृत औषधवाल्या आईच्या पिल्लाचं, हे कापणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही आणि भिंगातून बघणाऱ्यालाही नाही. कारण एकदा कळलं, की माणसाला जे दिसावंसं वाटतं तेच दिसू लागतं. सगळ्यांत हुशार माणसाला सगळ्यांत आधी. म्हणून नंबर मी द्यायचे. मी चिठ्ठ्या काढून एक ते दीडशे नंबर दिले, कुठल्या नंबराची आई कुठली ती यादी पाकिटात घातली, पाकीट चिकटवून त्यावर सही केली आणि कपाटात ठेवलं. सगळं काम संपल्यावर ते सर्वांसमोर उघडायचं होतं.

ताईला हे मान्य होतं. म्हणजे तोंडाने मान्य होतं. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी तिच्या खोलीत गेले तर ती एका छोट्या वहीत ठिपका काढत होती. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, काही लिव्हर करकरतात. पात्यावर आलं की थरथरतं, कापावर खिडकीच्या झडपेसारख्या आडव्या रेघा येतात. बाकीची कशी लोण्यासारखी जातात. हा फरक उगाच नाही. ही औषधवाली आहेत.

मी म्हटलं, मग सरांना सांगते, भिंगं विकून टाका, आमच्या ताईचा अंगठा पुरे आहे. ती हसली, पण वही तिने पर्समध्ये ठेवली. तेव्हापासून ती ठिपके जमवत गेली. डब्याच्या वेळी मला खालच्या आवाजात आकडा सांगायची. आज एकोणीस झाले, आज चोवीस. मीही आधी ऐकून घेतलं आणि पुढे तर स्वतःहून विचारायला लागले. सर दर बैठकीत म्हणायचे की उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आपण उंदरांना दिलेलं औषध वेगळं, दिवस जास्त, मात्रा जास्त. ताई दर बैठकीत मान डोलवायची. ती मान फक्त डोलवण्यापुरती होती हे मला नंतर कळलं.

प्रयोगाच्या पहिल्याच आठवड्यात तिची एकुलती एक लेक आईकडे राहायला आली होती. लेक पोहायला शिकवते, खणखणीत आवाजाची, उंच. जावई बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. लेकीला तेव्हा तिसरा महिना होता. ताईने घरातल्या डांबराच्या गोळ्या फेकल्या, केसांचा रंग फेकला, नवऱ्याचं बुटांचं पॉलिशसुद्धा जिन्याखाली नेऊन ठेवलं. दर शुक्रवारी चार वाजता गरोदर बायकांचा व्यायामवर्ग असायचा. लेक एकटी जाऊ शकत होती, पण ताई साडेतीनलाच हातातलं काम आवरून पळायची आणि वर्गात मागे बसून बाकीच्या बायकांच्या चुका काढायची. तिथल्या शिक्षिकेने एकदा तिला बाहेर बसायला सांगितलं. ताईने ते मला सांगितलं नाही, लेकीने सांगितलं.

"मी उंदीर आहे का गं आई," असं लेक कधी कधी वैतागून म्हणायची. "उंदीर असतीस तर ऐकलं तरी असतंस," हे ताईचं ठरलेलं उत्तर. पण खरं म्हणजे लेक ऐकायची. लहानपणी शाळेत आईचा व्यवसाय विचारला तर ती सांगायची, की माझी आई आतून बघते. असं म्हणणारं पोर मोठेपणीही आईच्या शब्दाबाहेर फारसं जात नाही.

एका शुक्रवारी वर्गानंतर लेकीची तपासणी होती. लघवीत संसर्ग निघाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गरोदरपणात हे बऱ्याच जणींना होतं, पण अंगावर काढायचं नाही. सात दिवस अँटिबायोटिक घ्यायचं, या दिवसांत चालेल असंच दिलं आहे. ताईने गोळ्या विकत घेतल्या, पर्समध्ये टाकल्या आणि त्या तिथेच राहिल्या.

हे मला सोमवारी डब्याच्या वेळी कळलं. तिने अगदी सहज सांगितलं, की गोळ्या थांबवल्या आहेत. पुढच्या आठवड्यात पाकीट उघडायचंच आहे. तिचे ठिपके बरोबर निघाले तर औषध लिव्हरला सोसत नाही हे सिद्धच झालं, मग दुसरं काहीतरी विचारू. तोवर लेकीला तासातासाला पेलाभर पाणी पाजते आहे. तसं तिला फार काही होत नाही, जरा जळजळ आहे एवढंच. चिठ्ठी लिहायला त्या डॉक्टरणीला दोन मिनिटं लागली आणि मी इथे पाच महिने लिव्हर कापते आहे, असंही ती म्हणाली.

आणि मी हसले. डॉक्टरपेक्षा तू मोठी का, एवढं म्हणाले आणि डबा उघडला. बावीस वर्षं तिची थट्टा करून करून मला तिच्या प्रत्येक गोष्टीत थट्टाच दिसायची सवय लागली होती. ती बाई आपल्या गरोदर लेकीचं औषध पर्समध्ये घेऊन फिरते आहे, हे मी भाजीबरोबर गिळून टाकलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

बुधवारी ती माझ्या टेबलाशी आली. हातात चिठ्ठी होती, तिच्यावर एकतीस नंबर. चेहरा उतरलेला. लेकीला रात्री नीट झोप लागली नव्हती म्हणे, कंबर दुखते म्हणाली.

"एवढंच बघ," ती म्हणाली. "पाकीट पूर्ण उघडू नकोस. माझे एकतीस आणि तुझी यादी ताडून बघ आणि हो किंवा नाही सांग. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"माझ्या लेकीचा प्रश्न आहे."

"मग गोळ्या दे तिला. पाकीट कशाला पाहिजे?"

"खात्री झाल्याशिवाय कशी देऊ? तू दिल्या असत्यास?"

मी म्हटलं, मी दिल्या असत्या, मला नंबर वाचता येतात, लिव्हर वाचता येत नाहीत. हे जरा टोचून बोलले. ती चिठ्ठी टेबलावर तशीच ठेवून गेली. सरांचं वर्षभराचं काम आणि एका पोरीची कंबर, यांच्यामध्ये मला कोणी आणून उभं केलं, असं माझं मलाच वाटत राहिलं. मी तिच्यावर चिडले होते. खरं तर सरळ उठून डॉक्टरणीला फोन करायचा होता, आणि तो मी केला नाही.

गुरुवारी सकाळी साडेनऊला माझा फोन वाजला. ड्रायव्हरसाहेब होते. त्यांनी मला या आधी फक्त एकदा फोन केला होता, तोही चुकून.

"मॅडम, पोरगी थरथरतेय," ते म्हणाले. "एकशे तीन ताप आहे. पाठीत वरपर्यंत दुखतंय. ही सकाळी निघाली तेव्हा पोरगी झोपली होती, हिला माहीत नाही. आता ही फोन उचलत नाही."

कामाच्या वेळी ताईचा फोन ड्रॉवरमध्ये असतो. फोन वाजला की हात हलतो, असं तिचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं, तुम्ही आधी तिला गाडीत घाला आणि दवाखान्यात न्या.

"उठत नाही. आईने निकाल लागेपर्यंत थांब म्हटलंय, म्हणते. ती आईचं ऐकते. तिची आई कोणाचं ऐकते ते तुम्ही बघा."

मी कपाट उघडलं. लपवत नाही, पाकिटाला हात लावला होता. सही फोडायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग लक्षात आलं, की ती ऐकायची नाही. एकतीसपैकी सोळा जुळले तर त्या सोळांनाच धरून बसेल. मला तिची हुशारी ठाऊक होती, तिला वाकवायला दुसरं काहीतरी हवं होतं. तिची चिठ्ठी टेबलावर पडली होती. आकडे वाटेल तसे लिहिलेले, कारण कापण्याचा क्रम सरांनी मुद्दाम विस्कटून दिला होता. विस्कटलेले आकडे बघितले की माझे हात शिवशिवतात. का कोण जाणे, त्या घाईतही मी पेन्सिल घेतली आणि ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावले.

पंचवीस ते तीस. पंचावन्न ते साठ. पंच्याऐंशी ते नव्वद. एकशे पंधरा ते एकशे वीस. एकशे पंचेचाळीस ते दीडशे. आणि एक बहात्तर, तो कुठून आला देव जाणे.

नंबर मी चिठ्ठ्या काढून दिले होते. औषधवाली यकृतं अशी सहा-सहाच्या घोळक्याने येऊच शकत नव्हती. सहाच्या घोळक्याने एकच गोष्ट व्हायची. आमचं तुकड्यांतलं पाणी काढण्याचं आपोआप चालणारं यंत्र प्रयोगाच्या सुरुवातीलाच बंद पडलं होतं, म्हणून ताई रोज सहा तुकडे जाळीच्या डबीत घालून हाताने एका बरणीतून दुसऱ्या बरणीत हलवायची. आधी सौम्य अल्कोहोल, मग कडक, मग शुद्ध, मग पुढचं. रोज सहा, आठवड्याला तीस. दुसरं रजिस्टर त्याचंच होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द ताईच्या अक्षरात.

मी रजिस्टर छातीशी धरून तिच्या खोलीत गेले. पहिल्यांदाच मी दारात थांबले नाही.

"यंत्र बंद कर. लेकीला एकशे तीन ताप आहे, थंडी वाजतेय, आणि ती तुझ्यासाठी थांबलीये."

ती उठली, पर्सकडे गेली, पर्स उघडली, आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीपेक्षाही वाईट म्हणजे विचार होता. "पण ते लिव्हर," ती म्हणाली. "मी माझ्या हाताने बघितलंय. हे देऊन तिच्या बाळाचं मीच काही…"

मी रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं, वर तिची चिठ्ठी ठेवली, आणि पंचवीस ते तीसवर बोट ठेवलं. ती तिच्याच अक्षरातली नोंद होती. 'शुक्रवार, दुपारी ३.२०. शुद्ध अल्कोहोलमध्ये. सोमवारी सकाळी पुढे.' मी पान उलटलं. पंचावन्न ते साठ, शुक्रवार. मी पुढचं उलटणार, तर तिने माझा हात धरला.

शुद्ध अल्कोहोलमध्ये तुकडा तासभर ठेवायचा असतो. सुट्टी मध्ये आली तर त्याला सौम्य अल्कोहोलमध्ये मागे ठेवतात आणि सोमवारी पुढचं करतात, हे ताईनेच तीस वर्षं प्रत्येक नवीन पोराला घोकून घेतलेलं आहे. शुद्धमध्ये अडीच दिवस राहिला की तुकड्यातलं होतं-नव्हतं तेवढं पाणी जातं, तो कुरकुरीत होतो, पात्यावर थरथरतो, आणि कापावर झडपेसारख्या रेघा उठतात. दुसऱ्या कुणाचा ठोकळा असा आला असता तर तिने नख लावून एका शब्दात सांगितलं असतं, आणि त्या पोराची वर खरडपट्टी काढली असती. पण हे ठोकळे तिच्या हातचे होते, तेव्हा दोष उंदरिणीचाच असायला हवा होता.

"मी वर्गाला जायची," ती म्हणाली. "सोमवारी वेळ वाचेल म्हणून पुढे ढकलून जायची."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं अर्धं मला स्वतःलाही लागू होतं. तिने ड्रॉवर उघडला, फोन काढला. त्यावर नवऱ्याचे सात फोन येऊन गेले होते. तिने लेकीला फोन लावला आणि उभ्या-उभ्याच बोलली.

"ऐक. मी चुकले. निकाल-बिकाल काही नाही, ती माझी चूक होती, उंदरांची नव्हती. बाबांबरोबर आत्ता गाडीत बस. मी दवाखान्यात येते."

पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. ताई म्हणाली, "हो गं. हो. चपला घाल आणि नीघ." आणि फोन ठेवून तिने यंत्र बंद केलं. ट्रेमधल्या पाण्यावर सकाळची फीत तशीच तरंगत होती, पसरून पार वाकडी झाली होती. तिने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिची पर्स उचलली, दिवे घालवले आणि तिला खाली नेऊन टॅक्सीत बसवलं.

पुढे आठवड्याभराने तिने सरांसमोर उभं राहून पाच शुक्रवारांची सगळी हकीकत सांगितली. सरांनी चष्मा शोधला, रजिस्टर पाहिलं आणि म्हणाले, दोन्ही गटांतली पिल्लं त्यांत मिसळलेली असणार, तेव्हा प्रयोग बुडत नाही. उरलेल्या तुकड्यांतून ते तीस परत करू. ठिपक्यांची वही तिने फाडली. पाकीट ठरल्यासारखं उघडलं, आणि त्यातून काय निघालं ते सरांनी लिहायचं आहे, मी नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी आम्ही दोघी टॅक्सीत होतो आणि ताई समोरच्या सीटच्या पाठीला घट्ट धरून बसली होती.

ड्रायव्हरसाहेब आमच्या आधी पोचले होते. लेकीला आत घेतलं होतं, दोन पांघरुणं घालूनही ती थरथरत होती. डॉक्टरीणबाई आल्या, पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकले आणि ठोके चांगले आहेत म्हणाल्या. मग लेकीची पाठ तपासली. मग कागद पाहून विचारलं, गोळ्या सुरू करून किती दिवस झाले?

लेक आईला वाचवायला काहीतरी बोलणार होती, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. ताईने तिला बोलू दिलं नाही.

"घेतल्याच नाहीत. मी घेऊ दिल्या नाहीत. मी रोज उंदरांची लिव्हर कापते, म्हणून मला वाटलं मला कळतं."

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. त्या रागावल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं, पण त्यांनी फक्त सांगितलं, की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे, आता गोळ्यांनी भागणार नाही, शिरेतून औषध द्यावं लागेल, तीन-चार दिवस इथे राहावं लागेल. ताप असाच चढत राहिला असता तर कळा दिवस भरायच्या आधीच सुरू होण्याचा धोका होता. आता वेळेत आला आहात. एवढं बोलून त्या नर्सला औषध आणायला सांगून गेल्या.

ड्रायव्हरसाहेब खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती. मी दाराशी होते, आत जावं की बाहेर जावं ते मला कळत नव्हतं. ताई पलंगाशेजारी उभी होती. नर्सने सलाईनची बाटली अडकवली, हातमोजे चढवले आणि लेकीला हात पुढे करायला सांगितलं.

लेकीने हात पांघरुणातच ठेवला. ती आईकडे बघत होती. दात वाजत होते तरी प्रश्न नीट विचारला.

"आई, याने बाळाच्या लिव्हरला काही होईल का?"

खोलीत सगळे ताईकडे बघायला लागले, नर्ससुद्धा. ज्या बाईने पाच महिने एकेका ठोकळ्यावर शपथेवर ठिपके काढले, तिला आता एक सोपं खोटं बोलायला काहीच हरकत नव्हती. नाही होणार, म्हणायचं होतं फक्त. मलासुद्धा तिने तसंच म्हणावं असं वाटत होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही गं मला. डॉक्टरीण म्हणतात द्यायला हवं. आणि तुला ताप आहे, एवढं मला दिसतंय."

लेकीने पांघरुणातून हात काढला आणि नर्सच्या पुढे धरला.